शेवटच्या तीन रेप्सना नक्की काय संपतं, पाय की मन?

अर्धवट बर्पी

मंडळी, प्रश्न नेमका आहे म्हणून आकड्यांसकट लिहितो. "जिद्द सोडू नका" छापाची उत्तरं नकोत, ती जिमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेली आहेतच.

वजन ६८ किलो. व्यायाम संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. आठवड्यात दोन दिवस स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठका): ६० किलो, आठ-आठ रेप्सचे (एक रेप म्हणजे एक बैठक) चार सेट, मध्ये ९० सेकंद. पहिले दोन सेट निघतात, तिसऱ्यात सहाव्या रेपला बार रॅकवर टाकावासा वाटतो, चौथ्यात पाचच होतात. एक दिवस ट्रेडमिल: चार-चार मिनिटांचे चार इंटरव्हल, १२ च्या (ताशी किमी) स्पीडने, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. तिसऱ्या इंटरव्हलला अडीच मिनिटांच्या आसपास हात आपोआप स्टॉपच्या बटणाकडे जातो. तिन्ही दिवशी शेवटी बर्पी (खाली वाकून हातांवर आडवं व्हायचं, उठायचं आणि उडी मारायची), दहा-दहाच्या पाच फेऱ्या. त्यांचं काय होतं ते आयडीवरून कळेलच.

शरीर खरंच संपलंय की मनच कच खातंय, हे त्या क्षणी ओळखायचं कसं? आणि मन असेल तर त्या पुढच्या वीस-तीस सेकंदांत नेमकं करायचं काय?

---

बारबेलवाला

आधी स्क्वॉटचं बोलतो, कारण तिथे तुमच्या मनावर उगाच आळ आलाय.

आठ रेप्सच्या स्क्वॉटनंतर ९० सेकंद म्हणजे फारच कमी. जड रेप्सना स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या द्रव्याचा, छोटा साठा आधी खर्ची पडतो. सेट संपल्यावर त्यातला निम्मा अर्ध्या-एक मिनिटात भरतो, पण साठा जवळपास पूर्ववत व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणजे तुम्ही दर सेटला थोडं कर्ज घेऊन उतरता आणि चौथ्यात ते फिटत नाही. ८, ८, ६, ५ हा उतार बघितला की पहिला संशय विश्रांतीवर घ्यायचा. २०१६ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी सराव असलेल्या तरुणांचे दोन गट करून आठ आठवडे हेच तपासलं. व्यायाम तोच, फक्त एका गटाला सेटमध्ये एक मिनिट विश्रांती आणि दुसऱ्याला तीन. तीन मिनिटवाल्यांची ताकद जास्त वाढली, मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही.

तेव्हा पुढच्या वेळी वजन तेच, रेप्स तेच, फक्त मधली विश्रांती तीन मिनिटं. घड्याळ लावून, अंदाजाने तीन मिनिटं घेतली की एक तर दीड होतात, नाही तर मोबाइल बघता बघता सात. चारही सेट आठ-आठचे निघाले तर प्रश्न मिटला, मन निर्दोष. तरीही सहाव्या रेपलाच अडलात, तर पुढे वाचा.

फोन कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून तिसऱ्या सेटचा व्हिडिओ काढा आणि फक्त एक गोष्ट बघा: बार वर यायला दुसऱ्या रेपला किती वेळ लागला आणि सहाव्याला किती. खरा थकवा बारच्या वेगात दिसतो, चेहऱ्यावर नाही. वेळ जवळपास सारखाच असेल तर तुमच्याकडे अजून तीन-चार रेप्स होते आणि तुम्ही जळजळीला घाबरून थांबलात. वेळ दुप्पट झाला असेल तर फार तर एक-दोन उरले होते. आणि बार अर्ध्यावर घुटमळून मग वर आला असेल तर थांबलात ते बरोबरच केलंत. नवखे लोक जास्त रेप्सच्या सेटमध्ये "आता एकच उरलाय" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तीन-चार उरलेले असतात. ही पारख व्हिडिओ बघून बघून येते, एरवी येत नाही.

आता सेटच्या आतलं. आठ रेप्स एका दमात काढायचे असा कुठे कायदा नाही. पाच सलग, मग बार खांद्यावरच ठेवून सरळ उभं राहून तीन पूर्ण श्वास, मग उरलेले तीन एकेक करून, प्रत्येकाआधी एक श्वास. दर रेपला श्वास वरच घ्यायचा, पोट चारही बाजूंनी घट्ट करायचं, खाली जायचं, आणि वर येताना अवघड टप्पा ओलांडला की सोडायचा. घाईत लोक खाली जाता जाता श्वास घेतात. त्याने पोट ढिलं पडतं, छाती पुढे झुकते आणि तोच ६० किलोचा बार ७० चा वाटायला लागतो. मग म्हणायचं, मोटिव्हेशन कमी पडलं.

आणि सेफ्टी पिन, म्हणजे बार सुटला तर त्याला अडवणाऱ्या रॅकच्या आडव्या दांड्या, कुठे लावता? हा प्रश्न कुणी विचारत नाही. पिन तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीच्या दोन-तीन बोटं खाली हव्यात. रिकाम्या बारने खाली बसून तपासा, मग मुद्दाम एकदा त्यांच्यावर बार टेकवून बाहेर निघायचा सराव करा. अडकण्याची भीती डोक्यात असेल तर सहाव्या रेपला मेंदू ब्रेक लावणारच, आणि तो चुकत नाहीये. पिन नीट लागल्या की ही भीती बरीचशी आपोआप जाते, त्यासाठी कुठलं भाषण लागत नाही.

वॉर्मअप कसा करता ते लिहिलं नाहीत. थेट ६० वर जात असाल तर आधी रिकामा बार आठ रेप्स, मग ४० किलो पाच, ५० किलो तीन.

---

दमसास

बारबेलवाल्यांशी सहमत. ट्रेडमिलचं मी घेतो.

चारातला तिसरा इंटरव्हल सर्वांत वाईटच असतो. पहिल्यात ताजेपणा असतो, दुसऱ्यात अजून भरवसा असतो, चौथ्यात शेवट दिसत असतो. तिसऱ्यात थकवा जमलेला आणि शेवट दूर. त्यामुळे तिथे जीव नकोसा होणं हा बिघाड नाही. पण अडीच मिनिटाला बटणाकडे हात जाणं हे बहुतेक वेळा पहिल्या इंटरव्हलमध्ये केलेल्या उधळपट्टीचं बिल असतं.

चार-चार मिनिटांच्या या प्रकारात हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या ८५ ते ९५ टक्क्यांत न्यायचे असतात. लोक इथे फसतात ते असे: ठोके लगेच चढत नाहीत, दीड-दोन मिनिटं घेतात. पहिल्या इंटरव्हलच्या पहिल्या मिनिटात घड्याळावर ७५ टक्के दिसले की वाटतं कमी पडतंय, आणि स्पीड वाढवला जातो. तिथेच गणित बिघडतं. पहिल्या इंटरव्हलमध्ये ८५ टक्के शेवटच्या दीड मिनिटात आले तरी चालतात. दुसऱ्या मिनिटालाच ९५ दिसत असतील तर स्पीड जास्त आहे, मग तुमची इच्छाशक्ती कितीही दांडगी असो. आणि कमाल ठोके "२२० वजा वय" या सूत्राने काढले असतील तर त्यात सहज दहा-बारा ठोक्यांचा फरक असू शकतो, म्हणून घड्याळापेक्षा बोलून बघणं बरं. तिसऱ्या मिनिटाला दोन-तीन शब्दांच्या पुढे बोलता येऊ नये, पण ते दोन-तीन शब्द निघायला हवेत.

स्पीड ११.५ करा. चार मिनिटांत १२ ला ८०० मीटर होतात, ११.५ ला साधारण ७६७. फरक फक्त ३३ मीटरचा, पण तिसऱ्या इंटरव्हलचा रंगच बदलतो. मधल्या तीन मिनिटांत थांबून दांड्याला लोंबकळू नका, चालत राहा किंवा अगदी हळू पळा. एकदम थांबलं की पायांतलं रक्त हृदयाकडे परत यायला उशीर होतो, गरगरतं, आणि पुढचा इंटरव्हल नव्याने इंजिन चालू केल्यासारखा सुरू होतो. पंखा समोर हवा. ट्रेडमिलवर तुम्ही जागच्या जागी पळता, अंगावर वारा येत नाही. अंग तापत जातं तसे त्याच स्पीडला ठोके वाढत जातात आणि तीच धाव जास्त कठीण वाटते. वॉर्मअपही दहा मिनिटांचा करा, त्यात शेवटी वीस-वीस सेकंद इंटरव्हलच्या स्पीडने दोनदा. नाही तर पहिला इंटरव्हलच वॉर्मअप होऊन बसतो.

आता तुमचे ते वीस-तीस सेकंद. स्टॉप बटणाला पर्याय ठरवून ठेवा: थांबायचं नाही, स्पीड ०.५ ने कमी करायचा आणि चार मिनिटं पूर्ण करायची. इंटरव्हलला एकदाच. ही सवलत खिशात आहे एवढं माहीत असलं तरी निम्म्या वेळा ती वापरावी लागत नाही. शिवाय वापरली तरी कमी स्पीडची चार मिनिटं ही अर्धवट सोडलेल्या अडीचपेक्षा कामाची, कारण ठोके वरच राहतात.

दुसरं, शरीरावर वरून खाली एक नजर फिरवा. जबडा आवळलाय का? खांदे कानाशी गेलेत का? मुठी वळल्यात का? एकेक सैल सोडा. मग एक श्वास मुद्दाम लांब सोडा. धाप लागली की सगळे हवा आत ओढायच्या मागे लागतात, पण अडचण बहुतेक वेळा नीट बाहेर न सोडल्याची असते. वरवरचे उथळ श्वास होतात आणि गुदमरल्याची भावना वाढते. एवढं करेपर्यंत पंधरा-वीस सेकंद गेलेले असतात.

तिसरं, पावलं मोजा. मिनिटाला साधारण १७० पावलं पडत असतील तर शंभर पावलं म्हणजे ३५ सेकंद. अडीच मिनिटापासून शेवटपर्यंत अडीचशेच्या आसपास. शंभर, शंभर आणि मग उरलेली. टायमर टॉवेलने झाकून टाकला तर उत्तम. दर चार सेकंदांनी आकडा बघणाऱ्याचं मिनिट शंभर सेकंदांचं होतं.

एक सुरक्षेची गोष्ट: दमलं म्हणून चालत्या पट्ट्यावरून बाजूच्या कडांवर उडी मारून उभं राहू नका. उतरताना काही होत नाही, दमलेल्या पायांनी १२ च्या स्पीडवर परत चढताना आपटतात. ओढली गेली की ट्रेडमिल बंद करणारी क्लिप कपड्याला लावलेली असू द्या.

---

अर्धवट बर्पी

दोघांचेही आभार, इतकं कामाचं मिळेल असं वाटलं नव्हतं. वॉर्मअप पाच मिनिटं सायकल, मग थेट ६०. पिन कुठे आहेत हे बघितलेलंच नाही. व्हिडिओ काढतो.

एक उपप्रश्न. स्वतःशी बोलणं, गाणी वगैरे खरंच चालतं की मनाची समजूत? आणि ऑफिसनंतर करतो याने काही फरक पडतो का? दिवसभर खुर्चीत बसूनच असतो, म्हणजे पाय ताजेच असायला हवेत.

---

उंबरठा

पाय ताजेच असतात, डोकं नसतं. आणि फरक पडतो.

सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग यावर फार स्पष्ट आहे. १६ जणांना एकदा ९० मिनिटं सतत लक्ष द्यावं लागेल असं संगणकावरचं काम दिलं, एकदा तेवढाच वेळ निवांत माहितीपट दाखवले. मग सायकलवर त्यांच्या कमाल शक्तीच्या ८० टक्क्यांवर दमेपर्यंत चालवायला लावलं. डोकं थकलेलं असताना ते साधारण १५ टक्के लवकर थांबले. हृदय, फुप्फुसं, रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायूंत तयार होणारं द्रव्य) यांत तसा काही फरक नव्हता. फरक होता तो फक्त "किती कठीण वाटतंय" या आकड्यात. तो सुरुवातीपासूनच वर होता. आणि सहनशक्तीची कमाल पातळी दोन्ही वेळा तीच, म्हणून थकल्या डोक्याचे लोक तिथे आधी पोहोचले.

तुमचा पहिला प्रश्न इथेच सुटतो. शरीर की मन असा सरळ वाद नाहीच. कष्टाची जाणीव ही एकच सुई आहे आणि तिला दोन्हीकडून ढकललं जातं: पायांकडून, झोपेकडून, उष्णतेकडून, ऑफिसातल्या शेवटच्या मीटिंगकडून. ती टोकाला गेली की माणूस थांबतो. गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने हिची मोजपट्टी केली, ६ ते २० आकड्यांची. ६ म्हणजे कष्ट शून्य, २० म्हणजे कमाल. तुम्ही सोपी १ ते १० वाली वापरा. प्रत्येक इंटरव्हल संपताना एक आकडा मोबाइलमध्ये टाका. ७, ८, ९, ९ असं दिसलं पाहिजे. पहिल्यालाच ९ असेल तर दमसास यांनी सांगितलेली उधळपट्टी आहे. स्पीड, ठोके, पंखा सगळं तेच असून एखाद्या दिवशी सगळे आकडे एकाने वर सरकले असतील तर तो दिवस डोक्याचा किंवा झोपेचा. अशा दिवशी तीनच इंटरव्हल करून घरी जा.

व्यवहारात काय करायचं: इंटरव्हल सुट्टीच्या दिवशी सकाळी हलवा, स्क्वॉट संध्याकाळी राहू द्या. थकलेल्या डोक्याचा मार लांबच्या दमाच्या कामाला जास्त बसतो, थोडक्या जड रेप्सना कमी. संध्याकाळीच करायचं असेल तर ऑफिस आणि जिम यांच्यामध्ये वीस मिनिटं फोनशिवाय घालवा. दुपारच्या जेवणानंतर पाच-सहा तास पोटात काही नसेल तर तासभर आधी २५-३० ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढं हलकं खा.

कॅफिन चालतं. वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे तुम्हाला साधारण २०० मिलिग्रॅम, ४५ ते ६० मिनिटं आधी. ते कष्टाची जाणीव खाली ढकलतं. पण शरीरातून निम्मं जायला पाचेक तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेलं मध्यरात्री निम्मं शिल्लक, मग झोप गेली आणि दुसऱ्या दिवशीची सुई आधीच वर. म्हणून फक्त सकाळच्या व्यायामाला.

आता स्वतःशी बोलणं. २०१४ मध्ये ब्लँचफील्ड आणि मार्कोरा यांच्या गटाने २४ जणांवर हे तपासलं. निम्म्यांना दोन आठवडे प्रेरक वाक्यं निवडून, सराव करून वापरायला शिकवलं. त्यांचा सायकलवरचा टिकाव सरासरी १८ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात फरक नाही. यातला महत्त्वाचा शब्द सराव. तिसऱ्या इंटरव्हलच्या अडीचाव्या मिनिटाला वाक्य शोधायला गेलात तर डोक्यात "बास" हे एकच वाक्य सापडेल. आधी लिहून काढा, मधल्या टप्प्याला दोन आणि शेवटच्या टप्प्याला दोन, अशी चार. छोटी हवीत, एका श्वासात मावणारी, आणि तोंडात नेहमी असणारी. "मी करू शकतो" यापेक्षा "चल, लय सोडू नको", "येतंय तुला", "शंभर पावलं टाक" असं स्वतःला अरे-तुरे करून बोला. "तू" वापरलं की "मी"पेक्षा थोडा जास्त फायदा होतो असंही सायकलच्या प्रयोगात दिसलंय. आपणही स्वतःला झापताना "तू"च म्हणतो, त्यामुळे सवय आहेच.

वाक्यापेक्षाही भक्कम म्हणजे जर-तर. "जर हात बटणाकडे गेला, तर आधी जबडा सैल सोडेन आणि तीस पावलं मोजेन, मगच ठरवेन." पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने या प्रकारच्या योजनांवर बरंच काम केलंय. ऐन वेळी निर्णय घ्यायची गरजच उरत नाही, ही त्यातली मेख. थकलेल्या डोक्याला निर्णय घ्यायला लावू नये.

गाणी: मध्यम कष्टात गाणी जाणीव खरोखर कमी करतात. पण इंटरव्हलसारख्या जोरात शरीराचे संकेत इतके मोठे होतात की गाणं कष्ट लपवू शकत नाही. मूड मात्र जरा बरा ठेवतं. म्हणून आवडतं गाणं वॉर्मअपला वाया घालवू नका, तिसऱ्या इंटरव्हलला येईल असं लावा.

---

एक_दोन_साडेमाडे

उलट मोजणीबद्दल थोडं. रेप्स ६, ७, ८ असे न मोजता ३, २, १ असे मोजा. पण फक्त शेवटच्या तीन-चारांसाठी. पहिल्यापासून उलट मोजलं तर "अजून सात" हेच डोक्यात घोळतं.

आणि जोडीदार असेल तर स्वतःपेक्षा किंचितच सरस निवडा. १९२० च्या दशकात ऑटो कोलरने जर्मनीत नौकानयन क्लबच्या लोकांवर वजन उचलायचे प्रयोग केले. दोघांनी मिळून उचलायचं आणि एक थांबला की काम संपलं, अशी अट असताना दोघांतला कमजोर एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. फरक मध्यम असतानाच हे चालतं. दुसरा फारच पुढचा असेल तर माणूस सोडून देतो. प्लँकसाठी (कोपरांवर अंग ताठ धरून राहणं) ही युक्ती मस्त: जो आधी टेकेल तिथे दोघांचाही सेट संपला.

---

खडूस कोच

सगळ्यांनी बर्पीला हळूच बगल दिली आहे, म्हणून मी येतो. काढून टाका.

स्क्वॉटचे चार सेट किंवा चार इंटरव्हल झाल्यावर पन्नास बर्पींनी नेमकं काय मिळतं? ताकद नाही, कारण वजन नाही. दम? तो इंटरव्हलमध्ये कमावलात. मिळतो तो फक्त घाम आणि "आज तोडलं" ही भावना. तिसऱ्या फेरीपासून कंबर खाली लोंबते, मनगटावर धाडकन भार येतो, उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात. हे सगळं मोटिव्हेशनच्या नावाखाली खपतं. कठीण आहे म्हणजे उपयोगाचं आहे, असं नसतं.

आणि शेवट कसा होतो याचा पुढच्या खेपेवर परिणाम होतो. झेंको, एक्केकाकिस आणि एरिएली यांनी २०१६ मध्ये लोकांना १५ मिनिटं सायकल चालवायला लावली. एका गटाला सोप्याकडून कठीणकडे, दुसऱ्याला कठीणकडून सोप्याकडे. एकूण मेहनत सारखी. ज्यांचा शेवट सोपा होता त्यांना व्यायाम जास्त आवडला आणि पुढच्या वेळेबद्दलही ते जास्त अनुकूल होते. तुम्ही मात्र दर वेळी सर्वांत वाईट अनुभवावर कुलूप लावून घरी जाताय, आणि मग इथे विचारताय की मन का मागे ओढतं. बर्पीच्या जागी दहा मिनिटं हळू सायकल. अगदीच काही जोरकस हवं असेल तर जड वजनं दोन्ही हातांत घेऊन चालणं, ३० मीटरच्या तीन खेपा. त्यात दमलेल्या अवस्थेत बिघडण्यासारखं कमी असतं.

स्क्वॉटबद्दल एक भर. दर सेट शेवटच्या श्वासापर्यंत न्यायची गरजच नाही. एक ते तीन रेप्स शिल्लक ठेवूनही वाढ होते, आणि दोन दिवसांनी पाय जागेवर असतात. पूर्ण संपेपर्यंत जायचंच असेल तर लेग प्रेससारख्या मशीनवर, शेवटच्या सेटला. बार पाठीवर घेऊन नको.

आता जे कुणी लिहिलं नाही ते. "मन मारून पुढे रेटा" हा सल्ला फक्त जळजळ, धाप आणि जडपणा यांना लागू आहे. जळजळ दोन्ही पायांत सारखी असते, सेट थांबवला की मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. (ती लॅक्टेटमुळे होते आणि तेच दुसऱ्या दिवशी दुखतं, ही जुनी समजूत आहे. लॅक्टेट हे इंधन म्हणून वापरलं जातं, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याआधी ते रक्तातून कधीच गेलेलं असतं.) टोचल्यासारखी, एकाच बाजूची, सांध्यात नेमक्या ठिकाणी दाखवता येणारी वेदना वेगळी, ती थांबवूनही मागे राहते. तिथे सेट संपला, वाद नाही. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं, जबड्यात-हातात पसरणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके वेडेवाकडे पडणं, श्वास नेहमीपेक्षा विचित्र अडणं: तिथे फक्त सेट नाही, व्यायामच थांबवायचा आणि डॉक्टर गाठायचा. दीर्घ सुट्टीनंतर उत्साहाच्या भरात मरेस्तोवर रेप्स मारले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू सुजून लघवी गडद तपकिरी झाली, तर तेही तातडीचं आहे. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात अडकतात. ताप असेल त्या दिवशी मन मारायचा प्रश्नच येत नाही.

अवांतर: रिचर्ड स्टीफन्स यांच्या प्रयोगांत मोठ्याने शिवी हासडल्यावर लोकांची हाताची पकड आणि सायकलवरचा अल्पकाळचा जोर थोडा वाढलेला आढळला. जिममध्ये वापरायचं की नाही ते ज्याने त्याने आजूबाजूला बघून ठरवावं.

---

अर्धवट बर्पी

बर्पी गेल्या, आता आयडी बदलावा लागणार.

शेवटचं: ११.५ वर आलो तर परत १२ वर कधी जायचं? आणि स्क्वॉटला तीन मिनिटं विश्रांती घेऊन चारही आठ-आठ निघाले तर लगेच वजन वाढवायचं का?

---

दमसास

चारही इंटरव्हल ११.५ ने, एकदाही स्पीड कमी न करता निघाले आणि शेवटचा आकडा ९ च्या वर गेला नाही, असं सलग दोन वेळा झालं की वाढवा. पण चारही एकदम नाही. आधी फक्त चौथा १२ ने. तो बसला की दुसरा. तिसऱ्याला सर्वांत शेवटी हात लावायचा. पहिला ११.५ लाच राहू द्या, त्याला मुळीच घाई नाही.

---

बारबेलवाला

स्क्वॉटलाही तोच न्याय. चौथ्या सेटच्या आठव्या रेपनंतर व्हिडिओत अजून दोन उरलेले दिसले पाहिजेत, सलग दोन वेळा. मग ६२.५. दोन्ही बाजूंना सव्वा किलोच्या प्लेट लागतील, त्या जिममध्ये नेहमी कुणीतरी कोपऱ्यात टाकलेल्या असतात. त्या न सापडल्या म्हणून सरळ ६५ वर उडी मारू नका, त्याऐवजी ६० वरच नऊ-नऊ रेप्स करा. नवीन वजनाच्या पहिल्या दिवशी सात-सातचे चार निघाले तरी तो दिवस पास. आणि पिनांचा फोटो टाका इथे, उंची बघून सांगतो.